एका कढईत डुकराचं मटण, जाम, शिंगाडा आणि संत्रा: प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर, रविवार

काम ठरलं ते असं. दसरा झाल्यापासून मार्गशीर्ष लागेपर्यंत गोंदिया-भंडाऱ्याकडच्या आठवडी बाजारात जी फळं येतात, ती घेऊन डुकराच्या मटणाचं रात्रीचं जेवण बसवायचं. खानावळीत रोज तीच चव निघाली पाहिजे, म्हणून प्रत्येक गोष्ट वजनावर. सहा माणसं, एक किलो मटण, सपाट बुडाची बारा इंची कढई, अडीच तासांची मर्यादा. उतरवून ठेवायला परात चालेल, पण चुलीवर दुसरं भांडं चढवायचं नाही. सोबत भात किंवा ज्वारीची भाकर.

बाजारात आज सीताफळाचे ढीग आहेत. जाम (पुण्या-मुंबईकडे पेरू म्हणतात तो) नुकता सुरू झालाय. काटोल-नरखेडकडचा आंबिया बहाराचा (हिवाळ्याअखेरीच्या फुलोऱ्याचा) संत्रा आलाय, पण साल अजून अर्धी हिरवी. शिंगाड्याला आणखी दोनेक आठवडे लागतील. आवळा कोवळा, कवठ कच्चं.

मटणाची तपासणी इथेच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. खांद्याचा भाग घ्यायचा, कातड्यासकट. रानाचं म्हणजे मागच्या मांडीचं मटण दिसायला चांगलं, पण त्यात चरबी आणि जाळी (मांसाला बांधून ठेवणारे चिवट पदर) कमी. तासभर शिजलं की चोथा होतो. खांद्यात मांसाच्या पदरांमध्ये चरबी आणि पांढरी जाळी असते, तीच वितळून रस्सा ओठाला चिकटेल असा करते.

घेताना दोन गोष्टी पाहायच्याच. पहिली, मांसात पांढुरके, पाण्याने भरलेले, भिजल्या साबुदाण्यासारखे दाणे दिसतात का. ते पट्टकृमीचे कोष असतात. एक दाणा दिसला तरी तो तुकडा नव्हे, त्या जनावराचं मटणच घ्यायचं नाही. मोकाट फिरून घाण खाणाऱ्या डुकरात हे जास्त आढळतं, म्हणून गोठ्यात बांधून, दाणा घालून पोसलेलं जनावरच धरायचं. दिसले नाहीत म्हणून कच्चं ठेवायची मुभाही नाही. शिजवणं पूर्णच हवं.

दुसरी, नराचा वास. खच्ची न केलेल्या मोठ्या नराच्या चरबीत असा वास असतो की थंड मटणाला नाक लावलं तरी कळत नाही, आच लागली की घरभर होतो. बोराएवढा चरबीचा तुकडा आधी तव्यावर टाकून वास घ्यायचा. मुताचा किंवा शेणाचा वास आला तर कुठलाही मसाला त्याला झाकत नाही. यापुढे दर खरेदीला ही चाचणी करायची.

८ ऑक्टोबर, बुधवार

पहिली कढई. मुद्दाम साधी पद्धत घेतली: सगळं एकदम. बिडाची कढई, एक किलो तुकडे, चिरलेला कांदा, मसाला, चार संत्र्यांचा रस, दोन पिकलेले जाम फोडी करून. झाकण लावून ७० मिनिटं.

जेवण फसलं, आणि चार ठिकाणी फसलं. मटण राखाडी झालं. एक किलोचे सोळा-सतरा तुकडे कढईच्या बुडाला एकमेकांना खेटून बसले, पाणी सुटलं आणि ते त्या पाण्यातच उकडले. कांदा विरघळला नाही, ७० मिनिटांनंतरही फोडी दाताखाली येत होत्या. आंबट पाण्यात कांद्याची किंवा कुठल्याही भाजीची पेशी सैल होत नाही. जामाचा पार लगदा झाला, रश्श्यात बिया तेवढ्या राहिल्या, आणि त्या बिया शिजत नाहीत. चौथं सर्वांत वाईट, रस्सा कडू. तोंडात घेताच नाही, गिळल्यावर मागून येणारा कडूपणा. शिवाय बिडाच्या कढईमुळे रंग काळपट आणि चवीला लोखंड.

कढई बदलायची. आंबट घालणार असू तर जाड बुडाचं स्टील. हिंदालियमही नको, आंबट त्यालाही खातं. बीड भाजायला फार उत्तम आहे हे खरं, पण इथे रस आणि आवळा दोन्हीचा विचार आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज मटण नाही, फक्त फळं. एकेक फळ वेगळं तापवून चव घेतली. हा दिवस सर्वांत उपयोगी ठरला.

संत्रा. रसाचे चार भाग केले. पहिला बियांसकट आणि पांढऱ्या सालीसकट कुस्करून, दुसरा फक्त हाताने पिळून गाळलेला. दोन्ही अर्धे गरम केले, अर्धे तसेच ठेवले. कुस्करलेला रस उकळी आल्यावर पाच मिनिटांतच कडवट, वीस मिनिटांत तोंडात धरवेना. गाळलेला पाच मिनिटांपर्यंत ठीक, पंधराच्या पुढे हलका कडू. न तापवलेला कुस्करलेला रससुद्धा दोन तासांनी कडवटला. कारण असं की संत्र्याच्या बिया, पांढरं पापुद्रं आणि फोडींच्या पडद्यात एक द्रव्य असतं, ते मुळात कडू नसतं. फळ फुटलं, ते आंबट रसात मिसळलं की त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं, आणि लिमोनिन अतिशय कडू. आच मिळाली की हेच काम झपाट्याने होतं. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि तोच शिजवला की कडू होतो. फळ झाडावर पिकत जातं तसं हे द्रव्य कमी होतं. म्हणजे आजचा अर्धा हिरवा संत्रा नोव्हेंबरातल्या पिकल्या संत्र्यापेक्षा जास्त त्रास देणार.

निर्णय: रस हाताने, दाब न देता पिळायचा, लगेच गाळायचा, पिळल्यापासून अर्ध्या तासात वापरायचा, आणि तो विस्तवावर शिजवायचा नाही. मिक्सरमध्ये संत्रा फिरवणं पूर्ण बंद.

सीताफळ. मन होतं की याचा गर रश्श्याला दाटपणा देईल. गर काढून मंद आचेवर कोमट केला. हाताला सोसेल त्याच्या थोडं वर गेला तसा रंग गुलाबीसर तपकिरी आणि चव कडू. हे सगळीकडे असंच होतं. सीताफळाचा गर आचेला टिकत नाही, म्हणून त्याची रबडी करतानाही दूध गार करून मगच गर घालतात. सीताफळ या जेवणातून बाद. जेवणानंतर ताटात तसंच द्यावं, ते खरं चांगलं.

आवळा. स्टीलमध्ये किसून शिजवला तर चव तुरट, रंग हिरवट पिवळा, चालण्यासारखा. तोच लोखंडी तव्यावर टाकला तर दोन मिनिटांत शाईसारखा काळा. तुरटपणा आणि लोह एकत्र आले की काळा रंग बनतो, पूर्वी शाई याच रीतीने करत. तुरटपणा चरबी कापतो हे बरोबर, पण रश्श्यात गेला की जिभेवर कोरडेपणा बसतो. आवळा शिजवायचा नाही, कच्चा किसून मीठ लावून ताटात बाजूला द्यायचा.

जाम. तीन अवस्था पाहिल्या. हिरवा कडक: तुरट आणि शिजून लाकडासारखा. पूर्ण पिवळा, मऊ: चार मिनिटांत पसरला. पोपटी, अंगठा दाबला की किंचित दबणारा: दहा मिनिटं आकार धरून राहिला आणि आतून मऊ. हाच घ्यायचा. बाजारातला सरदार असो की सफेदा, फरक जातीपेक्षा पिकण्याचा.

१५ ऑक्टोबर, बुधवार

भाजण्याची चाचणी. मटण कालच रात्री ४ सेंटिमीटरचे तुकडे करून, किलोला १५ ग्रॅम मीठ चोळून, उघड्या परातीत फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी वरचा थर कोरडा आणि किंचित चिकट. न मुरवलेल्या तुकड्यांच्या शेजारी ठेवून भाजले तर फरक डोळ्यांना दिसतो. ओल्या तुकड्याखाली पाणी फसफसतं आणि ते आटेपर्यंत रंग येत नाही. कोरड्या तुकड्याला लगेच तांबूस कड येते.

चरबी सुटण्याची रीत. खांद्यावरची जादा चरबी, किलोमागे ७०-८० ग्रॅम, बारीक चिरून थंड कढईत ठेवायची, त्यात अर्धी वाटी पाणी, मग विस्तव. पाणी असल्याने चरबी जळत नाही, हळूहळू वितळते. पाणी आटलं की कढईत स्वच्छ पांढरं तेल आणि वर कुरकुरीत गोळे. दहा-बारा मिनिटं. वरून एक थेंब तेल लागत नाही. थेट तापल्या कढईत चरबी टाकली तर बाहेरून काळी, आतून कच्ची, आणि सगळ्या रश्श्याला जळका वास.

तुकडे दोन खेपांत, एका खेपेला आठच. टाकल्यावर हलवायचे नाहीत. सराटा घालून उचलायचा मोह होतो, पण तुकडा बुडाला चिकटलेला असेल तर तो अजून तयार नाही. चारेक मिनिटांनी तो आपणहून सुटतो, हलक्या धक्क्याने सरकतो, आणि खालची बाजू विटकरीच्या रंगाची असते. कातड्याची बाजू शेवटी, आणि तिथे झाकण अर्धं आडवं धरायचं. कातडीतलं पाणी फुटून तेल उडतं, मनगट भाजतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत काम बंद होतं. भाऊबीज झाली, शिंगाडा बाजारात आला.

या भागातल्या जुन्या मालगुजारी (जमीनदारांनी बांधलेल्या) तलावांतला शिंगाडा. ताजा ओळखायचा तो हिरव्या-लालसर सालीवरून आणि पाण्यात टाकल्यावर बुडतो यावरून. तरंगणारे पोकळ किंवा किडके. कच्चा शिंगाडा दाताने सोलून खायची सवय सगळ्यांना आहे, ती स्वयंपाकघरात तरी नको. तलावातल्या वनस्पतींच्या सालीवर चपट्या कृमींच्या अळ्या चिकटलेल्या असू शकतात, आणि तो कृमी डुकराच्या आणि माणसाच्या आतड्यात वाढतो. म्हणून आधी धुवायचा, मग कढईतच दहा मिनिटं उकळायचा, गार करून सोलायचा. हे काम सगळ्यात आधी उरकायचं, म्हणजे कढई मोकळी होते आणि दुसरं भांडं लागत नाही.

वजन: अर्धा किलो सालीसकट घेतला तर सोलून अडीचशे ग्रॅमच्या आसपास गर हातात येतो. काटे बोटात जातात आणि सालीच्या रसाने नखं काळी होतात. सुरी स्टीलची घ्या, लोखंडी विळीने गरही काळवंडतो.

आज रश्श्यात तीन वेळांना टाकून पाहिला. मटणाबरोबर सुरुवातीपासून, म्हणजे तासापेक्षा जास्त: बाहेरून पिठूळ आणि रस्सा गढूळ, कारण शिंगाड्यात पीठच पीठ. शेवटची पाच मिनिटं: आत रस्सा जात नाही, पाणचट लागतो. शेवटची वीस मिनिटं: बाहेरून मऊ, आत कच्च्या बदामासारखा करकरीत, आणि कापलेल्या बाजूला मसाला मुरलेला. वीस मिनिटं पक्की. उपासाला शिंगाडा लागतो म्हणून दिवाळीनंतर एकादशीच्या आसपास भाव चढतो, माल आधीच घेऊन उकळून ठेवला तर बरं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

चूल की गॅस. गॅसवर मंद आच एकसारखी राहते, यात प्रश्न नाही. चुलीवर लाकूड महत्त्वाचं. बाभळीचं वाळलेलं लाकूड जळायला वेळ लावतं पण निखारा तासभर धरतं. पळस भडकतो आणि धूर करतो. गेल्या हंगामातल्या तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीच्या आणि कापसाच्या वाळक्या काड्या) भाजण्याच्या पहिल्या अर्ध्या तासाला फार चांगल्या: ज्वाला उंच, आच लगेच. शिजण्यासाठी मात्र बाभळीचे निखारे चुलीच्या तोंडाशी ओढून घ्यायचे. रश्श्यात कडेला एखाद-दुसरा बुडबुडा फुटत राहिला पाहिजे, मधे खदखद दिसली तर आच जास्त आहे.

थर्मामीटर घातला तर असा रस्सा ९० ते ९५ अंशांत राहतो. डुकराचं मटण ७१ अंशाला आतपर्यंत गेलं की खायला सुरक्षित होतं, पण खांदा त्या वेळी चामड्यासारखा असतो. जाळी वितळायला वर जावं लागतं आणि तिथे थांबावं लागतं. खदखद केली तर वेळ वाचत नाही. मांसाचे धागे आकसून रस पिळून टाकतात, आणि मटण मऊ होऊनही कोरडं लागतं.

कुकरमध्येही एकदा करून पाहिलं. तीन शिट्ट्या आणि दहा मिनिटं मंद, मटण मऊ. पण झाकण बंद असल्याने पाणी आटत नाही, आणि कढईच्या बुडाला बसलेला तांबूस थर रश्श्यात नीट उतरत नाही. कुकर घाईच्या दिवसासाठी ठीक. या जेवणाला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गावठी डुक्कर आणि यॉर्कशायर या विलायती जातीचा संकर, दोन्ही एकाच मापाने. गावठी काळ्या डुकराचं मटण जास्त लाल, धागा घट्ट, चव खोल. संकर ७५ मिनिटांत सुरी सहज जाईल असा झाला. गावठीला ११० मिनिटं लागली. वेळ घड्याळावर न सोडता तुकड्यात काटा घालून फिरवायचा: काटा अडला नाही आणि धागे सुटले की झालं. गावठीत पाणी १०० मिली जास्त.

कातड्यावरचे केस. दुकानात भाजून देतात ते वरवरचं असतं. घरी तुराटीच्या ज्वाळेवर कातडी पुन्हा एकदा फिरवायची, गार पाण्यात टाकून सुरीच्या पाठीने खरवडायची. मुळं राहिली तर खाताना टोचतात, आणि एकदा टोचलं की माणूस ताट बाजूला सारतो.

९ नोव्हेंबर, रविवार

पूर्ण जेवण, आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टी धरून. माप:

खांद्याचं मटण १ किलो, रात्रभर मीठ लावलेलं. चिरलेली चरबी ७५ ग्रॅम. कांदा २५० ग्रॅम, बारीक. लसण २५ ग्रॅम, अद्रक २० ग्रॅम, दोन्ही वाटून. वायगावची हळद अर्धा चमचा. भिवापुरी तिखट ८ ग्रॅम. भाजून कुटलेले धने १० ग्रॅम, मिरे ३ ग्रॅम, दगडफूल चिमूटभर, तेजपान एक. गरम पाणी ३०० मिली. पोपटी जाम दोन मोठे, साधारण ३०० ग्रॅम. सोललेला शिंगाडा २५० ग्रॅम. गाळलेला संत्र्याचा रस १५० मिली आणि एका संत्र्याच्या फोडी, पडदा आणि बिया काढून. हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, मूठभर.

शिंगाडा उकळून, सोलून बाजूला. चरबी वितळवली, कुरकुरीत गोळे काढून ठेवले, मटण दोन खेपांत भाजलं, परातीत काढलं. कढईत जवळपास अर्धा वाटी चरबी उरली, त्यातली दोन मोठे चमचे ठेवून बाकीची डब्यात काढली. ही पायरी सोडायची नाही. तेवढी सगळी रश्श्यात राहिली तर वर बोटभर तवंग येतो आणि फळाची चव खालीच राहते.

आता जाम. उभे चार भाग करून मधला बियांचा गाभा चमच्याने कोरला. गाभा टाकला नाही, सुती फडक्यात सैल पोटली बांधली. कोरलेल्या फोडी कापलेल्या बाजूने चरबीत तीन मिनिटं ठेवल्या, सोनेरी रंग आला तशा काढल्या. मग कांदा. जामाची साखर आणि मटणाचा तांबूस थर बुडाला धरलेला होता, तो कांद्याच्या पाण्याने सुटत गेला. सराट्याने खरवडत राहायचं. दहा मिनिटांत कांदा तपकिरी. लसण-अद्रक दोन मिनिटं. इथे कढई विस्तवावरून खाली घेतली, हळद, तिखट, धने, मिरे घातले आणि लगेच दोन चमचे पाणी. तापल्या चरबीत भिवापुरी तिखट दहा सेकंदांत काळं पडतं, आणि जळक्या तिखटाचा कडूपणा संत्र्यावर ढकलला जातो. 

मटण परत आत, गरम पाणी, तेजपान, दगडफूल, पोटली. थंड पाणी घातलं तर कढई गार होते आणि परत उकळी यायला वेळ लागतो. झाकण, मंद आच. ५५ मिनिटांनी शिंगाडा. ६५ मिनिटांनी पोटली चिमट्याने उचलून दोन चमच्यांच्या मधे दाबली. आतून गुलाबीसर चिकट गर बाहेर आला आणि रश्श्यात पडला, बिया फडक्यात राहिल्या. दोन मिनिटांत रस्सा चमच्याच्या पाठीला धरेल असा झाला. पीठ नाही, खोबरं नाही, दाण्याचा कूट नाही. जामाच्या गाभ्यात पेक्टिन भरपूर असतं, जेली त्याच्याचमुळे बसते. ते इथे कामाला आलं. ही पोटली या सगळ्या महिन्यातली सर्वांत चांगली गोष्ट आहे.

६७ मिनिटांनी जामाच्या फोडी वर ठेवल्या, ढवळल्या नाहीत. ७५ मिनिटांनी कढई उतरवली. पाच मिनिटं झाकण काढून ठेवली, मग रस आणि संत्र्याच्या फोडी घातल्या, एकदाच खालून वर फिरवलं. सांबार आणि चरबीचे कुरकुरीत गोळे वरून.

कडूपणा शून्य. आंबट वर येतं, मागे तिखट, त्यामागे चरबी. मीठ पुन्हा घालायची गरज पडली नाही. रस घालण्याआधी चाखलं तर अळणी वाटतं, पण आंबटाने मीठ वर येतं. त्या क्षणी मीठ घालू नये.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पाच किलोचं माप, मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात.

साधं पाचाने गुणलं आणि तीन गोष्टी बिघडल्या. पाणी दीड लिटर फार झालं. वाफ वरच्या पृष्ठभागातून जाते, मटण पाचपट झालं म्हणून गंजाचं तोंड पाचपट होत नाही. ९०० मिली पुरतं. तिखट पाचपट जास्त झालं, चौपट बरोबर. मीठ मात्र वजनावर असल्याने तंतोतंत पाचपट.

भाजायला दहा खेपा, दीड तास. यावर उपाय असा की अर्धंच मटण खरपूस भाजायचं, बाकीचं कच्चंच घालायचं. रश्श्याचा रंग आणि वास त्या अर्ध्यातून पुरेसा येतो. समोरासमोर ठेवून चाखलं तरी फरक थोडाच. दर दोन खेपांनी बुडातला थर वाटीभर पाण्याने सोडवून ते पाणी राखून ठेवायचं, नाहीतर पाचव्या खेपेला तो जळतो.

तिसरी अडचण आधी लक्षात आली नव्हती. एवढा मोठा गंज उतरवल्यावरही अर्धा तास ९० अंशाजवळ राहतो. म्हणजे उतरवून घातलेला रस प्रत्यक्षात शिजतच होता. चाळीस मिनिटांनी वाढलेल्या ताटांत हलका कडूपणा आला, जाम बसले. मोठ्या मापात रस आणि फोडी गंजात घालायच्याच नाहीत. लहान भांड्यात सहा माणसांचं काढायचं, त्यात १५० मिली रस, आणि तसंच पंगतीत न्यायचं. जामही तव्यावर वेगळे भाजून त्याच भांड्यात. मोठ्या मापात एका भांड्याचा नियम इथे मोडतो, ते मान्य.

१६ नोव्हेंबर, रविवार

उरलेलं. दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी वर पांढरी चरबी गोठते, ती हवी तेवढी उचलायची. रस्सा खाली जेलीसारखा थरथरतो. गरम करताना सगळीकडे वाफ निघेपर्यंत नीट तापवायचं, आणि त्यात रस राहिला असेल तर कडूपणा येणारच. म्हणून उरवायचं ठरलेलं मटण रस घालण्याआधीच वेगळं काढायचं, ताजा रस दुसऱ्या दिवशी. मटण आणि शिंगाडा दुसऱ्या दिवशी जास्त चांगले, जाम नाही.

आज संत्रा पूर्ण केशरी. १२ ऑक्टोबरची कुस्करलेल्या रसाची चाचणी परत केली: वीस मिनिटांचा कडूपणा तेव्हाच्या निम्माही नाही. गाळलेला रस आता दहा मिनिटं सहज सोसतो. तरी रीत बदलायची नाही, कारण बाजारात एका टोपलीत दोन अवस्थांचे संत्रे असतात.

२१ तारखेला मार्गशीर्ष लागतो, बऱ्याच घरांत मटण थांबेल. फेब्रुवारीत मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा) संत्रा आला की हीच कढई पुन्हा लावायची. तेव्हा ताजा शिंगाडा नसेल. त्या जागी कच्ची पपई घेतली तर ती कच्च्या मटणाबरोबर मुरवायची नाही, तिच्या चिकाने वरचा थर पिठासारखा होतो. शिजत्या रश्श्यात शेवटच्या पंधरा मिनिटांना टाकून पाहायची. रसाचं माप तेव्हा १२० मिलीपासून सुरू.